ताटातली मिठाची जागा

माझी सगुणा गेली त्याला महिना झाला. शेवटचं बोलणं झालं ते शिरूरच्या दवाखान्यात. हृदय थकलं होतं, तोंड थकलं नव्हतं. सिस्टर दंडाला बीपीचा पट्टा बांधायला आली, तर म्हणाली, "माझं काय बघती बाई, ते उतू गेलेलंच हाय. हिचं बघ." हिचं म्हणजे उशाशी बसलेल्या आमच्या लेकीचं, रेखाचं...

रेखा पोटात होती तवा सगुणाचं बीपी अतोनात चढलं. तोंड-पाय सुजले, डोळ्यांपुढं अंधारी आली, दिवस भरायच्या आधीच पोर काढावी लागली. बाळंतपण झालं की हे सरलं, असं आम्ही धरून चाललो. पुढं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, सरत नाही. आईनं हृदयाला जपायचं, आणि असल्या पोरांचंही बीपी पुढं वाढायचा संभव जास्त. दरवर्षी बघत जा, भाजीत असतं तेवढं मीठ बास, वरून चिमूट नको. सगुणा शाळेत गेलेली नाही, मी चौथी. पण तिनं धरलं ते धरलंच. आमच्या गावच्या, निमोण्यातल्या बाया हसायच्या, शेंबड्या पोरीला कसलं बीपी! ती म्हणायची, हसा, दात चांगले आहेत तुमचे.

रेखाचं लग्न तिच्या सासरी, राहू गावाला झालं. पंगतीत पहिलं मीठच वाढतात. वाढपी नवरीपाशी आला, तसा सगुणानं ताटावर हात आडवा धरला. विहीणबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "आजारी पोर गळ्यात बांधली व्हय आमच्या?"

"आजारी न्हाई. आजार येऊ नये म्हणून नजर हाय. पटत नसंल तर ताट अजून उष्टं न्हाई झालं, आम्ही उठतो."

 मग जावईच म्हणाले, "मामी, बसा. माझ्याबी ताटात नको मीठ."

सगुणाच्या तेराव्याला पंगत बसली. रेखाचं बीपी अलीकडं जरा चढं निघालंय, गोळी चालू झालीय. पुतण्या मीठ घेऊन तिच्यापुढं आला. मी हात आडवा धरला.

"आप्पा, आज तरी राहू द्या. काकी गेली आता."

"काकी गेली. पोरीच्या अंगातलं तिचं रक्त कुठं गेलं?"

पंगत बघत राहिली. बघू दे. दरवर्षी रेखाला तपासायला मीच नेणार, मला एसटीत उचलून बसवावं लागलं तरी नेणार. आणि ताटाचा तो कोपरा सगुणानं राखलेला आहे... मी आहे तोवर तिथं कुणाचा चमचा पडायचा नाही.