शहाडपर्यंतची अट

ठाण्याहून शहाडला जायला भिवंडीवरचा रस्ता जवळचा, पण तिथे गोदामांचे कंटेनर फार. म्हणून आम्ही मुंब्रा बायपास, शीळफाटा, कल्याण हा लांबचा रस्ता धरला. आम्ही म्हणजे मी, मागे माझी बायको सुनंदा आणि आमच्या लग्नाच्याही आधीपासून माझ्याकडे असलेली मोटारसायकल.

निघण्यापूर्वी अट ठरली होती. आठवड्यापूर्वी ही गाडी कोपरीच्या पुलावर भर रहदारीत बंद पडली आणि मागचा टँकर हातभर अंतरावर येऊन थांबला. घरी आल्यावर सुनंदा म्हणाली, "आता एकदाच बसेन. शहाडला दादाकडे जाऊ. वाटेत बंद पडली तर तिथेच विकायची आणि रिक्षाने परत यायचं." तिचा भाऊ प्रकाशदादा उत्साही, त्याने जुन्या गाड्या घेणारा एक माणूस जेवायलाच बोलावून ठेवला. मी अट मान्य केली. आठवडाभरात कार्बोरेटर साफ करून घेतला, प्लग नवा टाकला, एअर फिल्टर बदलला. पेट्रोल कमी पडल्याची शंकाही नको म्हणून निघताना टाकी तोंडापर्यंत भरली.

मुंब्रा बायपासचा चढ लागला. उजवीकडे डोंगर चैत्रात असतो तसा तपकिरी, डावीकडे खाली इमारतींच्या गच्च्या आणि त्यांच्या पलीकडे खाडीची पट्टी. चढ संपायच्या आत गाडीने दोन आचके दिले आणि ती बंद पडली.

"पडली," सुनंदा म्हणाली.

मी गाडी कडेला घेतली, टाकीचं झाकण उघडून पाहिलं. पेट्रोल काठोकाठ. झाकण लावून किक मारली, गाडी सुरू.

"इंजिन तापलं असेल," मी म्हणालो.

"अटीत तापण्याचं काही नव्हतं."

शीळफाट्याला पोचायच्या आत पुन्हा तेच. भरलेल्या टाकीची गाडी शहरातल्यापेक्षा लवकर बंद पडत होती, हे मला विचित्र वाटलं. पेट्रोलमध्ये पाणी असेल का, म्हणून मी पुन्हा झाकण उघडलं आणि वास घेतला. शेजारी एक रिक्षावाला थांबला. त्याने आधी गाडीकडे, मग माझ्याकडे पाहिलं.

"काका, पूजा करा नि ठेवा हिला देव्हाऱ्यात. कशाला त्रास देता म्हातारीला?"

"पूजा करतोच की दर दसऱ्याला," सुनंदाने उत्तर दिलं. "तरी ही अशी."

गाडी सुरू झाली आणि रिक्षावाल्याने हात जोडून आम्हाला वाट दिली.

तिसऱ्यांदा ती काटई नाक्याच्या पुढे बंद पडली. इथे एका झाडाखाली एक आगरी बाई ताडगोळे विकत बसली होती. तिने आम्हाला गाडी ढकलत येताना पाहिलं.

"काय झाला दादा, गारी बंद परली?" (आगरी बोलीत 'ड'चा 'र' होतो, गाडी ती गारी.) "ये बाय, सावलीला बस."

सुनंदा सावलीत बसली. ताडगोळे गार होते आणि बाई ते एका नखाच्या फटकाऱ्यात सोलून देत होती. मी मात्र उन्हात कामाला लागलो. पेट्रोलचं दोनदा पाहून झालं होतं, तिसऱ्यांदा पाहण्यात अर्थ नव्हता. प्लग काढून पुसला. ठिणगी स्वच्छ निळी होती. वायरी हलवून पाहिल्या. इंजिन निवायला वेळ दिला. मग किक मारत राहिलो, पाय भरून येईपर्यंत. गाडी ढिम्म.

"आता ही इथेच विकायची का?" मी वैतागून म्हणालो.

सुनंदा तोंडातला ताडगोळा संपवून म्हणाली, "मघाशी दोन्ही वेळा सुरू झाली. तेव्हा काय केलं होतंत जे आत्ता नाही केलं?"

"काही नाही. पेट्रोल पाहिलं फक्त."

"मग पाहा."

"अगं, टाकी भरलेली आहे!"

"असू दे. उघडा."

मी किल्ली फिरवून झाकण उचललं. 'फस्स' असा आवाज झाला. रहदारी बेताची होती म्हणून तो तिलाही ऐकू आला. किक मारली, गाडी सुरू.

"तेलाच्या डब्याला मी दोन भोकं का पाडते?" ती उठत म्हणाली. "एकातून तेल येतं, दुसऱ्यातून हवा जाते. एकच पाडलं तर धार अडते. हिचं दुसरं भोक कुठे आहे?"

ते झाकणातच असतं, किल्लीच्या खाचेजवळ, टाचणीच्या डोक्याएवढं. मी चष्मा वर करून पाहिलं. भोकाच्या जागी पिवळा, दगडासारखा कडक ठिपका होता. नखाने खरवडला. वास ओळखीचा.

"हळद," मी म्हणालो.

दर दसऱ्याला सुनंदा ओली हळद आणि वर कुंकू नेमकं टाकीच्या झाकणावर लावते. ते गाडीचं कपाळ, असं तिचं म्हणणं. वर्षानुवर्षांचे थर आत उतरून बसले होते. टाकी भरलेली म्हणजे आत हवा थोडी; ती लगेच विरळ होऊन पेट्रोल ओढून धरायची, म्हणून आज गाडी लवकर अडत होती.

सुनंदाने बांगडीतली सेफ्टी पिन काढून माझ्या हातात दिली. ताडगोळेवाली एवढी हसली, की तिला पदर तोंडाला लावावा लागला. "बाय माझे, नवऱ्याच्या गारीचा नाकच बुजवलास गो!"

भोक मोकळं केलं. मानपाडा गेलं, पत्री पूल गेला, कल्याणची गर्दी गेली. गाडी एकदाही अडली नाही.

शहाडला प्रकाशदादाकडे फणसाची भाजी आणि पन्हं तयार होतं. तो गाड्या घेणारा माणूसही. त्याने गाडी फिरवून आणली, आवाज ऐकला आणि म्हणाला, "इंजिन चांगलं आहे. घेतो."

मी किल्ली टीपॉयवर ठेवली. गाडी तीनदा बंद पडली होती. कारण सापडलं म्हणून अट बदलत नाही.

सुनंदाने किल्ली उचलून पर्समध्ये टाकली. "अट माझी होती. मीच मोडते."

"अगं, मग ह्यांना मी बोलावलं कशाला?" दादा ओरडला.

"जेवायला. वाढ ना त्यांना."

उन्हं उतरल्यावर परत निघालो. काटईला ताडगोळ्याची टोपली रिकामी झाली होती. बाईने हात हलवला. बायपासचा चढ गाडी एका दमात चढली. आठवडाभर मी गाडीत काय कमी पडतंय ते शोधत होतो, आणि तिच्यात काही कमी नव्हतंच. थोडी माया जास्त झाली होती.

घराखाली उतरल्यावर सुनंदाने झाकणावरून बोट फिरवलं.

"दसऱ्याला हेडलाइटला लावू?"

"लाव," मी म्हणालो. "पण सुकी."