आमच्या खुणेची नवी मेंढरं

जूनमधला पहिला मंगळवार, सकाळ. हजर: मी, म्हणजे गावची पशुवैद्यक, मेंढपाळ दादा, त्यांच्या घरच्या वहिनी आणि वाघरीच्या जाळ्यात कोंडलेली सगळी मेंढरं.

दादांनी पाटोद्याच्या बाजारातून चार मेंढ्या आणल्या होत्या. आणल्या तशा कातरल्या, पाठीवर घरची तांबडी खूण ओढली आणि कळपात सोडल्या. त्यांतली एक आता तापली होती, नाक वाहत होतं. मला पीपीआरची, म्हणजे शेळ्या-मेंढ्यांत झपाट्याने पसरणाऱ्या विषाणूच्या रोगाची, शंका आली. मी चारही वेगळ्या बांधायला सांगितल्या.

"कावून, मॅडम? आपली खूण हाय की त्यांच्यावर."

"खूण वढली म्हंजी सोयरीक झाली व्हय?" वहिनी म्हणाल्या.

मग मी खुणेवरूनच समजावलं. पेशीच्या स्वतःच्या आरएनएच्या टोकावर एक टोपी असते. बोडक्या टोकाचा आरएनए दिसला की पेशीतली पहारेकरी प्रथिनं त्याला विषाणूचा म्हणून ओळखतात आणि शेजारच्या पेशींना सावध करतात. पण काही विषाणू आपल्या आरएनएलाही तशीच टोपी चढवतात. मग पहारेकऱ्यांना उशिरा जाग येते, तोवर रोग पसरतो.

"म्हंजी मीच मला टोपी घातली," दादा म्हणाले आणि जाळ्यात शिरले.

आजारी मेंढी बाहेर काढली. वहिनींनी आणखी दोन मेंढ्या तोंडावरून ओळखल्या. चौथी काही केल्या ओळखू येईना. मी बाह्या सरसावल्या आणि पुन्हा कडेच्या मेंढीपासून एकेक तोंड तपासायला सुरुवात केली. चौथी अजून सापडायचीच होती.