गाण्यातली सासू

माझ्या थोरल्या बहिणीने लग्न केलं नाही, आणि नोकरीतून निवृत्त झाल्यावर ती सासू झाली.

चिक्कडपल्लीत आमच्या बिल्डिंगमध्ये ताई तळमजल्यावर राहते, मी आणि माझे यजमान वरच्या मजल्यावर. गच्चीवरच्या खोलीत एक तेलुगू गृहस्थ भाड्याने आले. ते लोकगीतांचे व्हिडिओ बनवून यूट्यूबवर टाकत. एका सकाळी त्यांनी ताईला फाटकाशी पाण्याच्या टँकरवाल्याला झापताना पाहिलं. जिन्यातच उभे राहून शेवटपर्यंत ऐकलं आणि खाली येऊन म्हणाले, "अम्मा, मेरे गाने में सास बनते क्या?"

ताईने विचारलं, "सास क्या करती?"

"गुस्सा करती."

"क्यों?"

"गाना साडेतीन मिनट का है अम्मा. वजह का टाइम नई रहता."

ताईला हे पटलं. मला पटलं नाही, पण सोबत म्हणून मी गेले.

शूटिंग शहराबाहेरच्या एका खेड्यात होतं. सून झालेली मुलगी वरंगळकडची होती, सडपातळ आणि हसरी. ती पिवळ्या साडीत दारातून बाहेर पडली, विहिरीपाशी हिरव्या साडीत पोचली आणि भरलेली घागर घेऊन परतली ती लाल साडीत. विहीर अंगणातच होती. गच्चीवरचे गृहस्थच डायरेक्टर होते. मी त्यांना विचारलं, की एवढ्यात हिने साड्या बदलल्या कुठे? ते नम्रपणे म्हणाले, "गाना है ना मॅडम."

मग तिला नुसतंच चालायचं होतं. समोर उभा पंखा ठेवून तिचे केस उडवले. गाणं दुप्पट वेगाने लावलं आणि तिने त्या वेगाने ओठ हलवले. मांजरांच्या भांडणासारखं ऐकू येत होतं. नंतर चित्र निम्म्या वेगाने दाखवतात, मग ओठ बरोबर जुळतात आणि केस मात्र सावकाश तरंगतात. हे त्यांनी मला दोनदा समजावून सांगितलं. ताई म्हणाली, "अगं, दुप्पट केलं आणि निम्मं केलं. राहिलं काय?"

ताईचं मुख्य काम दोन गोष्टींचं होतं, जेवणाचं ताट भिरकावायचं आणि सुनेला बोलायचं. ताट तिने नीट भिरकावलं. मग समोरून, बाजूने आणि वरून असं पुन्हा भिरकावायला लावलं. बोलण्याच्या वेळी तिने विचारलं, "बोलू काय?"

"कुछ भी बोलो अम्मा, आवाज नई आती. ऊपर ढोल बजता. सिर्फ गुस्सा होना."

ताईने पदर खोचला, सुनेपुढे बोट नाचवलं आणि कडाडली, "काटकोन त्रिकोणात कर्णाचा वर्ग हा इतर दोन बाजूंच्या वर्गांच्या बेरजेइतका असतो! किती वेळा सांगायचं? कर्ण कुठला? काटकोनासमोरचा! समोरचा!"

मुलगी खरंच रडायला लागली. तिच्या डोळ्यांत घालायला आणलेल्या ग्लिसरीनच्या बाटलीचं झाकण उघडावंच लागलं नाही. डायरेक्टरनी कट म्हटलं आणि विचारलं, "अम्मा, इतना गुस्सा कहाँ से लाए?"

"नववी क्लास को मॅथ्स पढाती थी," ताई म्हणाली.

डोळे पुसत मुलीने तेलुगूत विचारलं, "अत्तम्मा, तुम्ही मला काय म्हणालात?" अत्तम्मा म्हणजे सासूबाई. ताईने तेलुगूत प्रमेय सांगितलं. ते ऐकून ती जी हसत सुटली, ती थांबेना, आणि पुढचा रडण्याचा शॉट दुपारवर ढकलावा लागला.

गाणं चाललं. व्हिडिओखाली शेकडो लोकांनी ताईला शिव्या घातल्या होत्या. त्यांत एकच प्रतिक्रिया मराठीतली होती, इंग्रजी अक्षरांत लिहिलेली: 'बाई, ओठांवरून कळलं, हे पायथागोरस आहे ना? माझा हात आपोआप वहीकडे गेला.' ताईला तेवढी एकच आवडली.

पुढच्या आठवड्यात आम्ही हळद-मिरची आणायला बेगम बाजारात गेलो. नेहमीच्या दुकानात गल्ल्यावरच्या बाईंनी ताईकडे पाहून तराजू खाली ठेवला. "बहू पेट से थी. उसकी थाली कैकू फेके? वो भी तीन-तीन बार?"

"एक ही थाली थी," ताई म्हणाली. "तीन तरफ से दिखाए."

बाईंना ते पटलं नाही. हळद-मिरची मिळाली, पण नेहमीची थट्टामस्करी झाली नाही. परतताना रिक्षात ताई म्हणाली, "गाण्यात ती पोटुशी होती हे मला कुणी सांगितलं नव्हतं गं. सांगितलं असतं तर ताट जरा हळू टाकलं असतं."

त्या मुलीबरोबर ताईने आणखी बरीच गाणी केली. प्रत्येक गाण्यात सुरुवातीला छळ आणि शेवटच्या कडव्यात उंबऱ्यावर मिठी. दोन शॉटच्या मध्ये ती ताईच्या डब्यातलं थालीपीठ खायची आणि ताईच्या मांडीवर डोकं ठेवून झोपायची.

मग तिचं खरं लग्न ठरलं. आम्ही दोघी गेलो. तिची खरी सासू गोल चेहऱ्याची, शांत बाई होती. तिने ताईला ओळखलं आणि जरा दबकूनच शेजारी बसली. लग्नाचा व्हिडिओवाला नवरीला हॉलच्या दारातून परत परत आत आणत होता. धूर सोडत होता. डोक्यावर ड्रोन फिरत होता. ओवाळायला उभी राहिलेली सासू भांबावून ड्रोनकडेच बघत राहिली. ताई उठली, तिला हाताला धरून दिव्याच्या उजेडात आणलं आणि तेलुगूत म्हणाली, "वर नका बघू. मुलीकडे बघा. आता तिच्या मिठीत जा." ती गेली आणि दोघी रडल्या. व्हिडिओवाला म्हणाला, "वन मोर." ताई म्हणाली, "नक्को." त्याने कॅमेरा खाली घेतला.

त्या दिवशी सासूने ताईचा नंबर घेतला, आणि आता ती ताईला फोन करून सुनेच्या कागाळ्या सांगते. उशिरा उठते, भातात पाणी जास्त घालते, मोबाइल सोडत नाही. तिला वाटतं, ही बाई तरी आपलं समजून घेईल. सून तर आधीपासूनच फोन करायची. तिच्या तक्रारी साधारण त्याच भाताबद्दल असतात, दुसऱ्या बाजूने. ताई फोन स्पीकरवर ठेवते, मटार सोलत दोघींचं ऐकते आणि एकीचं दुसरीला सांगत नाही.

"तू बाजू कुणाची घेतेस?" मी विचारलं.

"बाजू घेतली की फोन बंद होतील," ती म्हणाली.

मागच्या महिन्यात सासू-सून दोघी मिळून ताईकडे जेवायला आल्या. ताईने मुद्दाम भात टाळून पुरी-भाजी केली होती. जेवण झाल्यावर सासूने सुनेच्या बांगड्या कौतुकाने आम्हाला दाखवल्या. निघताना सून पर्स विसरली म्हणून परत आत आली, ताईच्या कानाशी लागून 'उद्या फोन करते' असं पुटपुटली आणि पळाली. फाटकाशी रिक्षात बसता बसता सासूनेही ताईला खुणेने सांगितलं, उद्या फोन करते.