महाळुंग्याच्या शेडमधली बोट

साळवी गेल्याचा फोन आला तेव्हा मी चऱ्होलीला भाचीच्या नव्या फ्लॅटमध्ये दाराची चौकट ओळंब्यात आहे का ते तपासत होतो. बिल्डरचा माणूस वैतागून बाजूला उभा होता. फोनवर वहिनी होत्या. "भाऊजी, हे गेले. दुपारी जेवून आडवे झाले, ते उठलेच नाहीत," एवढंच म्हणाल्या. मी ओळंबा खिशात घातला आणि चिंचवडला निघालो. चौकट तिरकी आहे हे सांगायचं राहूनच गेलं... ते पुढच्या आठवड्यात सांगितलं.

मनोहर साळवी आणि मी एकाच कंपनीत होतो. तो टूलरूममध्ये, मी क्वालिटीत. म्हणजे त्याने करायचं आणि मी नापास करायचं, असा आमचा तीसेक वर्षांचा संसार. एकदा त्याचा एक जॉब मी केसभर फरकासाठी परत पाठवला, तेव्हा तो डबा घेऊन माझ्या टेबलाशी आला आणि म्हणाला, "सोपान, तुझ्या लग्नाची पत्रिकासुद्धा तू मायक्रोमीटरने मोजली असशील." मग तिथेच बसून त्याने मला सुकटीची चटणी वाढली. दोस्ती झाली ती त्या चटणीवर. माझ्या खडूचा धसका मात्र त्याने रिटायर होईपर्यंत सोडला नाही. जॉब पास झाला की मी त्यावर खडूने 'ओके' लिहायचो, आणि ते बघायला तो पोरासारखा मान लांब करायचा.

रिटायर झाल्यावर त्याने बोट घेतली. कोकणात त्याच्या गावच्या खाडीत पूर्वी माणसं ने-आण करणारी जुनी लाँच होती, ती भंगारात निघाली होती. कारण विचारलं तर म्हणाला, "शिफ्ट आणि ओव्हरटाइम करता करता सुनंदाला कुठे नेलं नाही रे. आठ दिवस आम्ही दोघं पाण्यावर राहणार." अडचण एकच होती. वहिनींना बोट लागते. बोट कशाला, त्यांना भोसरीच्या उड्डाणपुलावर रिक्षासुद्धा लागते. त्यांनी साफ सांगितलं होतं, "आतलं सगळं सरळ, सपाट, घरासारखं असेल तर येईन. नाहीतर तुम्ही आणि तुमची बोट."

तेव्हा बोट घरासारखी करायची ठरलं आणि ती ट्रेलरवरून घाट चढून आमच्या महाळुंग्यात आली. आमची कांद्याची जुनी शेड रिकामीच होती. अख्खा गाव बघायला लोटला. आमचे चुलते काठी टेकत आले, बोटीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "धरण फुटणार हाय का काय? आमाला तरी सांगून ठेवा." बोट आम्ही लाकडी ओंडक्यांवर टेकवली. पावसाचं पाणी आत साचू नये म्हणून पुढचं टोक जरा उंच ठेवलं.

त्यानंतरची दोन वर्षं माझ्या आयुष्यातली फार मजेची. आतल्या दोन्ही केबिन आम्ही खरवडून काढल्या. रंगाचे इतके थर निघाले की प्रत्येक मालकाची आवड कळली, एकाची तर भलतीच गुलाबी होती. कुजलेलं प्लायवूड काढून साळवीने नवीन बसवलं. कप्प्यांसाठी कंपन्यांच्या पॅकिंगच्या खोक्यांचं पाइन आणलं. प्रत्येक फळीवर नंबर ठोकला, प्रत्येक बिजागरीचं ड्रॉइंग काढलं. मी स्पिरिट लेव्हल घेऊन मागे होतोच. बर्थ, टेबल, कपाट, ओटा, सगळ्यावर लेव्हल ठेवायची, बुडबुडा बरोबर मध्ये आला की खडूने ओके.

एकदा साळवी बर्थवर बसून बराच वेळ खिडकीकडे बघत राहिला. "सोपान, बर्थ आणि खिडकीची चौकट जुळत नाही रे."

"खिडकी जुनी हाय, वाकली आसंल. बुडबुडा मधी हाय का न्हाई?"

"आहे."

"मग झालं तर."

त्याने पुढची फळी उचलली. माझ्या खडूवर त्याचा विश्वास होता.

काम संपल्यावर बोट परत कोकणात नेली, ती खाडीत उतरली आणि पाण्यावर सरळ झाली. उंच ठेवलेलं पुढचं टोक खाली आलं आणि आतलं सगळं पुढच्या बाजूला कललं. आम्ही बोटीशी नव्हे, महाळुंग्याच्या जमिनीशी लेव्हल केली होती! सरळ होत्या त्या फक्त खिडक्या. वहिनी आत आल्या, साळवीने कौतुकाने टेबलावर चहाचा कप ठेवला आणि तो सुळकन घसरत गेला. मी दारात उभा होतो, लेव्हल पिशवीत होती. साळवी माझ्याकडे न बघता म्हणाला, "माप माझं चुकलं." मी तोंड उघडलं नाही. याची मला आजही लाज वाटते.

वहिनींनी एकदा टेबलाकडे पाहिलं, एकदा नवऱ्याच्या पडलेल्या चेहऱ्याकडे. मग पदर खोचला आणि म्हणाल्या, "कप अर्धाच भरा." त्या आठही दिवस राहिल्या. दोन वेळा उलटी झाली, पण परतल्यावर शेजारणींना त्यांनी फक्त खाडीतले बगळे सांगितले.

मागच्या आठवड्यात वहिनींना बोट बघायची होती, म्हणून त्यांच्यासोबत खाडीवर गेलो. मी हत्यारं घेतली होती. आतलं सगळं सरळ करून द्यायचं आणि खरं काय ते सांगून टाकायचं, असं घरून ठरवूनच निघालो होतो. केबिनमध्ये गेल्यावर सांगितलं. वहिनी म्हणाल्या, "ठाऊक आहे. ह्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. म्हणाले, सोपानला कळू देऊ नकोस, त्याला नापास व्हायची सवय नाही."

मी वाकून त्यांच्या बर्थवर लेव्हल ठेवली. बुडबुडा मध्ये आला. खाली नव्या पाचरी मारलेल्या होत्या. साळवीच्या बर्थवर ठेवली तर तो मात्र तसाच कललेला. हिवाळ्यात रंगाचा हात द्यायला म्हणून तो एकटाच चार दिवस इथे येऊन राहिला होता... रंग कुठेच दिलेला नव्हता. वहिनी आपल्या बर्थवर बसल्या, तळहाताने गादी चाचपली आणि रडल्या. मीही रडलो.

जरा वेळाने मी साळवीच्या बर्थसाठी पिशवीतून पाचर काढली. "निदान हा तरी सरळ करतो, वहिनी. दहा मिनिटांचं काम आहे."

"नको," त्या म्हणाल्या. "सरळ केलात तर तो कुणाचाही होईल."