सेमीफायनलमधली हळद

नवऱ्याच्या हातून हार्ड डिस्क फरशीवर पडली आणि कोलाडचं एक लग्न निम्मं गेलं. तो लग्नांचे व्हिडिओ काढतो. हार घालताना आहे, जेवणाची पंगत आहे, पण मंगळसूत्राचा क्षण नाही, हे मुलीच्या वडिलांना जाऊन सांगताना त्याचं तोंड एवढंसं झालं होतं. मी धाटावला एका कंपनीत सर्व्हर सांभाळते. तिथे एक फाइल हरवली तरी माझी खरडपट्टी निघते, आणि घरात लग्नं चपलांसारखी कुठेही पडलेली असायची. मला लाज वाटली. मी पेणला जाऊन चार-चार टीबीच्या दोन डिस्क आणल्या आणि जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकायला बसले.

“म्हणजे जागा आठ टीबी,” नवरा खुशीत म्हणाला.

“चारच. दोन्हीवर तेच तेच लिहिलं जाणार. एक बंद पडली तर दुसरी आहे.”

सासरे पेपर बाजूला ठेवून म्हणाले, “एका गाडीवर दोन कंडक्टर. कुणाच्या डोक्यातून निघालं गो हे?”

सासरे एसटीतून कंट्रोलर म्हणून रिटायर झालेत. आता पेण-रोह्याच्या गावांत जिथे टेनिस क्रिकेटची टूर्नामेंट असेल तिथे ते मोबाईल आणि स्टँड घेऊन हजर असतात. पहिल्या बॉलपासून शेवटच्यापर्यंत शूट करतात आणि त्यातलं काहीही पुसत नाहीत. अंपायरवरून वाद पेटला की खाडीकाठच्या गावांतून त्यांना फोन येतो. नवऱ्याच्या लग्नांइतकीच जागा त्यांच्या मॅचेस खायच्या.

दोन्ही डिस्कची जोडी जुळवायला दिली आणि स्क्रीनवर टक्के सरकू लागले. सासरे खुर्ची ओढून समोर बसले. “बत्तीस टक्के! बत्तीस टक्के थोड्याच वेळात निघत आहे!” असं स्टँडवरच्या आवाजात दुपारभर चाललं होतं. जोडी पूर्ण झाल्यावर मी त्यांचीच एक मॅच लावली, खोका उघडला आणि एका डिस्कची वायर उपटायला सांगितली. त्यांनी डोळे मिटून ती ओढली. बॅट्समन पळतच होता. त्यांनी वाकून खोक्यात बघितलं, मग स्क्रीनवर, मग माझ्याकडे. “चालू हाय की!” त्यानंतर दोन कंडक्टरांबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती.

मग मी त्या जोडीवर लॉजिकल व्हॉल्यूम पाडले. म्हणजे एका मोठ्या खोलीत पार्टिशन घालण्यासारखंच, फक्त हे पार्टिशन सामान न हलवता पुढे सरकवता येतं. लग्नाला दोन टीबी दिले, क्रिकेटला एक. चार टीबीतले साडेतीनच्या थोडे वरच कॉम्प्युटर मोजतो; त्यातले उरलेले सहाशे जीबी कुणालाच दिले नाहीत आणि संध्याकाळी दोघांना सरळ चेहऱ्याने सांगितलं, “संपली जागा. आता आहे त्यात भागवा.” कंपनीतही मी थोडी जागा अशीच राखून ठेवते. फरक इतकाच, की तिथे साहेबांशी खोटं बोलत नाही.

लग्नसराई लागली आणि लग्नाची जागा तुडुंब भरली. नवऱ्याने माझ्याकडे जागा मागितली नाही. त्याने त्यातून शहाणा मार्ग काढला, तो आम्हाला कळला एका रविवारी.

पेणजवळच्या एका गावातून दोन मोटरसायकलींवर पाच जण आले. सेमीफायनलच्या शेवटच्या बॉलवर त्यांच्या कॅप्टनला रनआउट दिलं होतं आणि गावात त्यावरून दोन तट पडले होते. सासऱ्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला. मला चहा टाकायला सांगितला. पाचही जणांना ओळीने बसवून त्यांनी ‘सेमीफायनल ३’ उघडली.

ढोल वाजला. पिवळ्या साड्यांतल्या पंधरा-वीस बायका अंगणात नाचत होत्या. मधोमध एक बाई दोन्ही हात वर करून अशी काही गिरकी घेत होती, की माझ्या हातातला ट्रे हलला.

“आयला,” कॅप्टन पुढे झुकून म्हणाला, “ही आमची आत्या!”

क्रिकेटच्या जागेत हळद लपवणारा नवरा दारातूनच मागे फिरला. सासऱ्यांनी त्याच्याकडे बघितलंही नाही. खरी सेमीफायनल ‘सेमीफायनल २’ निघाली. बॅट रेषेच्या वीतभर अलीकडे होती. कॅप्टनने ती चार वेळा बघितली, मान डोलावली आणि म्हणाला, “जाऊ द्या काका. ती आत्या परत लावा.”

पाहुणे गेल्यावर सासरे कडाडले. “माझ्या मैदानात हळद? मला जागा वाढवून पायजे, आणि याला कुलूप घाल.”

कुलूप घालते, पण जागा नाही, असं म्हणत मी कामाला बसले. तेवढ्यात कंपनीतून फोन आला. आमच्या घरात रेंज नाही म्हणून अंगणात गेले. परत आले तर सासरे माझ्या खुर्चीत, चष्मा नाकावर. माझ्या वहीतली एक कमांड त्यांनी बघून बघून टाइप केली होती आणि स्क्रीनवरच्या एका शब्दावर बोट ठेवलं होतं.

“इथे ‘फ्री’ लिवलंय. सहाशे.”

मी वही ओढून मिटली.

“शिटा रिकाम्या असून गाडी फुल सांगणारे कंडक्टर मी घरी बसवलेत, माहीत हाय?”

“बाबा, कुणाला सांगू नका.”

“तीनशे,” ते छताकडे बघत म्हणाले. “आणि त्याला एवढ्यात देऊ नकोस.”

मी त्यांच्या डोळ्यांदेखत क्रिकेट तीनशेने वाढवलं. मॅच चालू होती, तीही थांबली नाही. ते लहान मुलासारखे हसले.

पुढे महिनाभर आम्ही दोघं चोरासारखे वागलो. नवरा जेवताना जागेचा विषय काढायचा आणि सासरे भाताचा डोंगर रचत म्हणायचे, “नाय रे बाबा, सून तरी कुठून आणणार?” मग एके दिवशी त्यांनीच त्याला सांगितलं, की माझ्या टूर्नामेंटची फायनल तुझ्या मोठ्या कॅमेऱ्यावर काढून दे, मी सुनेकडे शब्द टाकतो. बिचारा दिवसभर खाडीकडेच्या मैदानात उन्हात उभा राहिला. मी त्याला दोनशे जीबी दिले. घरी येऊन त्याने सासऱ्यांकडून कुलूप उघडून घेतलं आणि फायनल इमानदारीत क्रिकेटमध्येच टाकली. फक्त ती दोन कॅमेऱ्यांनी, सगळ्यात उंची क्वालिटीत काढली होती. क्रिकेट पुन्हा काठोकाठ.

“तुमच्यासाठी मेहनत घेतली बाबा,” तो म्हणाला. त्याने हे मुद्दाम केलं का, हे मी आजवर विचारलेलं नाही.

माझ्याकडे आता शंभर उरले होते आणि समोर दोघंही हात बांधून उभे होते. मी कबूल केलं. पहिल्या दिवसापासून सहाशे लपवले होते, बाबांना महिनाभर माहीत होतं, सगळं. नवरा आधी माझ्याकडे बघत राहिला, मग वडिलांकडे. “तुम्हीसुद्धा?”

“मी रिटायर माणूस,” सासरे म्हणाले. “मला कोण विचारतो?”

दुसऱ्या दिवशी बापलेक एसटीने पेणला गेले आणि अजून दोन डिस्क घेऊन आले. पिशवी कुणी धरायची यावरून वाटेत वडखळपर्यंत वाद झाला म्हणे. मी नवी जोडी जुळवली, जुन्या जागेला जोडली. वाटणीला मात्र सासऱ्यांनी मला बसू दिलं नाही. आकडे त्यांनी स्वतः टाइप केले, एका बोटाने, आणि नवरा शेजारी उभा राहून एकेक शून्य मोजत होता.