वीतभर माती

मिस्तरी घरात शिरला की आधी भिंतीवर बोटाचं पेर वाजवायचा. रामराम, चहा वगैरे नंतर. सिमेंटच्या गोणीवर त्याचा भरोसा नव्हता, नळावर नव्हता, दुसऱ्या गवंड्यांवर तर नव्हताच. "पानी चोर शे, भाऊ. वाट सापडनी की घरमां घुसस," म्हणायचा. एवढा संशय घेणारा माणूस स्वतः किती पाण्यात आहे, असं मला सारखं वाटायचं.

माझे वडील, आबा, जन्मभर तापीकाठच्या गावात धाब्याच्या घरात राहिलेले. डोक्यावर वीतभर मातीचं छत, खाली मे महिन्यातही गारवा. आई गेल्यावर त्यांना नंदुरबारला आणलं, तर स्लॅबखालच्या खोलीत त्यांचा जीव कासावीस. "माले गावले धाडी दे" हे एकच पालुपद. गावात त्यांचं करायला कुणी उरलं नव्हतं. मग स्लॅबवर माती टाकून हिरवळ करायचं मी ठरवलं. खोली थंड राहते, उन्हाने स्लॅबही तडकत नाही, असं वाचलं होतं.

मिस्तरीने स्लॅबवर डांबरी शीट अंथरली, तिच्यावर पाणी कोंडलं आणि तीन दुपारी आबांच्या खाटेवर उताणा पडून छताकडे टक लावून राहिला. म्हणे, ओल कुठे फुटते ते बघतोय. बायको म्हणाली, हा कामचुकार आहे. मी म्हटलं, पक्का! मग माती आली. गवत, मेथी, पुदिना लागला. त्या उन्हाळ्यात आबा दुपारी चक्क घोरायला लागले. गावाचं नाव काढेनात.

पुढच्या पावसाळ्यात खाटेवर टपटप सुरू झाली. मिस्तरी आला, एकटाच वर गेला, माती बाजूला करून बघितली आणि खाली येऊन म्हणाला, "मन्हा कामनी कसर शे." गळती बुजवून निघून गेला. मला तेवढंच हवं होतं. त्याला दारात उभं करू नका, म्हणून गल्लीतल्या तीन घरी मी सांगून आलो. तिघांनीही दुसरा गवंडी बघितला.

गेल्या महिन्यात तो वारला. मी मयतीला गेलो नाही.

जेवताना आबांना तो गेल्याचं सहज सांगितलं, तर त्यांनी ताट बाजूला सारलं आणि खरं काय ते सांगितलं. छत गळू नये म्हणून पावसाळ्याआधी धाब्याची माती खणून पुन्हा चोपायची, ही त्यांची जन्माची सवय. मी ऑफिसात असताना इथेही त्यांनी तेच केलं होतं. कुदळ थेट शीटमध्ये गेली होती. मिस्तरीने घाव बघताच ओळखलं. आबा मला सांगणार होते, पण गळती बुजवताना त्यानेच त्यांना अडवलं.

"तो बोलना," आबा म्हणाले, "'पोरगा माती काढी टाकी, आबा. मंग तुम्ही गावले जाशात, एकला मरशात. ऱ्हाऊ द्या मन्हावर.'"

आणि खोटं कशाला बोलू, मी ती माती काढूनच टाकली असती.

दुसऱ्या दिवशी तिन्ही घरी जाऊन खरं काय ते सांगितलं. मिस्तरीची बायको दोन गल्ल्या सोडून राहते. रोज तिच्याकडे जायला निघतो आणि वळणावरून परत येतो.