कसली थंडी गो!

कुवेतमधल्या सालमियात आमच्या इमारतीखाली किराणा दुकान चालवणारे चाचा रत्नागिरीकडचे. जानेवारीत वाळवंटावरचं वारं सुटलं की दोन स्वेटर, कानटोपी घालून हीटरला चिकटून बसतात. पण गावाहून चाचीचा व्हिडिओ कॉल आला की सगळं भराभर उतरवतात आणि कुडकुडत म्हणतात, "हय कसली थंडी गो!" जुलैत घाम पुसून "उकाडा नाय" म्हणतानाही मी त्यांना ऐकलंय.

परवा न राहवून विचारलं, "चाचा, मग चाचींना कुवेतची हवा वाटते तरी कशी?"

स्वेटरात डोकं खुपसत ते म्हणाले, "गावासारखीच. म्हणून आता तीपण येतंय म्हणते."

ते हसत होते की काय, कळेना. तोंड अजून स्वेटरातच होतं.